जवसाचं पाणी

आमच्या घरी डोक्यावरून नाहण्याचा वार ठरलेला होता, आणि तो उजाडला की डोळ्यांआधी नाकाला कळायचं. अंगणातल्या चुलीवर मोठा गंज चढलेला असायचा. त्यात आदल्या दिवशी भिजत घातलेली शिकेकाई, फोडलेले रिठे आणि मूठभर आवळकाठी खदखदत असायची. त्या वासाला काय म्हणावं हे मला अजून सापडलेलं नाही. थोडा चिंचेचा, थोडा ओल्या लाकडाचा, आणि खाली कुठेतरी धुराचा. माय जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून ते तपकिरी पाणी गाळायची आणि आम्हाला एकेक करून न्हाणीत बोलवायची. न्हाणी म्हणजे तट्ट्यांचा आडोसा आणि खाली दोन घासलेल्या फरश्या. माझे दोघे भाऊ पाण्याखाली डोकं घातल्यासारखं करून पळून जायचे. मला पळता येत नसे, कारण माझे केस मायच्या मुठीत असायचे. गुडघ्यापर्यंत आलेले, दाट, काळे केस. गल्लीतल्या बाया ते बघायला थांबायच्या आणि माय लगेच माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची.

अंजनगाव सुर्जीच्या बाहेर आमचा पानमळा होता. मळ्यात शिरलं की भर उन्हातही अंगावर गार ओलावा यायचा. वेली शेवरीच्या खांबांवर चढलेल्या, खाली सतत पाणी, आणि वर पानांचं असं छप्पर की आभाळाचे फक्त कवडसे दिसावेत. दुपारी पानांच्या टोपल्या घरी यायच्या. ओल्या गोणपाटावर बसून बाबा आणि माझे भाऊ पानं निवडायचे, एकावर एक लावायचे. त्या पानांचा एक हलका, सपसप आवाज घरात चालू असायचा, कोणी बोलत असो वा नसो. चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज आणि ओसरीवर पानांचा आवाज, यांच्यामध्ये माझं सगळं बालपण गेलं. जेवायला ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. चटणीवर कच्चं तेल सोडायचं आणि बोटाने खळगा करून ते मधोमध साठवायचं, ही बाबांची सवय. मीही आता तसंच करते. माझी नात म्हणते, आजी, तू चटणीची विहीर करतेस.

दहावीनंतर मला विज्ञान शिकायचं होतं आणि त्याची सोय तेव्हा अकोल्याला होती. तिथे माझी मावशी राहत होती, मायची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं आणि निर्मला नावाची मुलगी माझ्याच वयाची होती. बाबांनी फार विचार केला नाही. "शिकायचं म्हन्ते तर जाऊ दे तिले," एवढं म्हणून त्यांनी माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवली. माय मात्र बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभी होती. "डोस्क्याकडं ध्यान ठेवजो," ती म्हणाली. मला वाटलं, अभ्यासाबद्दल सांगते आहे. नंतर कळलं की ती केसांबद्दलच बोलत होती, कारण ट्रंकेत तिने शिकेकाईची पुरचुंडी घातली होती.

ती पुरचुंडी मी फारशी उघडली नाही. मावशीच्या बाथरूममध्ये नळ होता, पांढऱ्या फरशा होत्या आणि खिडकीत शाम्पूची बाटली होती. निर्मलाने पहिल्याच रविवारी माझ्या तळहातावर त्याचा हिरवट थेंब घातला आणि म्हणाली, "लाव आणि बघ." मी लावला आणि बघतच राहिले. इतका फेस मी कपड्यांचाही पाहिला नव्हता. पाण्यासारखे केस सुटत होते, गुंता नावाला नव्हता, आणि दिवसभर मानेपाशी कसल्यातरी परदेशी फळासारखा वास येत होता. शिकेकाई उकळा, गाळा, डोळे मिटून बसा, मग केसांतली काडी-काडी वेचा, हे सगळं एका थेंबाने संपलं होतं. मला त्या बाटलीबद्दल आजही राग नाही. निर्मलाने जन्मभर शाम्पू वापरला आणि तिचे केस अजून माझ्यापेक्षा चांगले आहेत. एकाच्या डोक्याला जे मानवतं ते दुसऱ्याच्या डोक्याला मानवेलच असं नाही, इतकी साधी ती गोष्ट होती. पण सोळाव्या वर्षी ती कळायला मला बरंच सोसावं लागलं.

पावसाळा सरता सरता डोकं खाजायला लागलं. आधी कानांमागे, मग मानेवरच्या केसांच्या कडेने. मला वाटलं डोकं घाण आहे, म्हणून मी ते अधिक वेळा धुवायला लागले. धुतलं की थोडा वेळ बरं वाटायचं आणि संध्याकाळी दुप्पट खाज सुटायची. मग कातडी निघायला लागली. पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापाशी कोंडा दिसायचा, तो मी वर्गात शिरण्याआधी झटकायची. मागच्या बाकावरची एक मुलगी एकदा तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "समोर बर्फ पडून राहिलं." दोघी हसल्या. त्या दिवसापासून मी डोक्याला रुमाल बांधायला लागले. मावशीला सर्दीचं कारण सांगितलं. उशीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसले तेव्हा मावशीने काही न विचारता रुमाल सोडला, केस बाजूला केले आणि "अगं बाई" म्हणून खालीच बसली.

ती मला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या मूळच्या पुण्याकडच्या असाव्यात. बोलणं मऊ होतं, पण एकही शब्द फुकट घालवत नसत. त्यांनी दिव्याखाली माझं डोकं पाहिलं, काय काय लावते ते विचारलं आणि म्हणाल्या, "तुझ्या कातडीला हा फेस सोसत नाही. काही जणांना नाही सोसत. शाम्पू बंद, साबण बंद, वासाचं तेल बंद. हे मलम लाव आणि नुसत्या कोमट पाण्याने धू." मी विचारलं, मग केस स्वच्छ कसे होतील? त्या म्हणाल्या, "ते नंतर बघू. आधी जखमा भरू देत. बऱ्या झाल्या की काहीतरी सौम्य शोध. पण एका वेळी एकच वस्तू, आणि डोक्याला लावण्याआधी कानामागे थोडी लावून बघायची. घरची वस्तू असली तरी."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं होतं. दिवाळीला घरी गेले तेव्हा मायलाही जसंच्या तसं सांगितलं. पण घर म्हणजे दवाखाना नव्हे. मी रुमाल सोडल्यावर मायने सगळा राग त्या शाम्पूच्या बाटलीवर काढला. शेजारच्या शांताकाकू लिंबू कापून घेऊन आल्या. त्यांनी ते चोळलं तेव्हा मी ओरडून उठले आणि अंगणभर धावले. कोणीतरी काळी माती सांगितली. ती लावल्यावर गार वाटलं, पण वाळली तशी कातडी ताणली आणि भेगांतून पाणी यायला लागलं. प्रत्येकीच्या डोळ्यांत माया होती, हे मला आज लख्ख दिसतं. तेव्हा मात्र मला कोणीही माझ्या जवळ यायला नको होतं. शेवटी माय म्हणाली, "बास झाले सगळ्याईचे इलाज. आपली शिकेकाई काय वाईट हाये?"

"डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं आहे," मी म्हणाले.

"थ्या बाईनं शाम्पूले नाई म्हटलं. शिकेकाईले कोन नाई म्हन्ते? तुही आजी तिनंच नाहली, मी तिनंच नाहली. डोस्कं साफ नाई तं फोड बरे कसे होतीन?"

"आग होते वं माय."

"आग होईनच. थोडी कळ काढ."

मी कळ काढली. तिने दाट पाणी केलं आणि जन्मभर धुतले तसे माझे केस धुतले, मुळांपर्यंत बोटं घालून. दुसऱ्या दिवशी माझं डोकं सुजलं. कपाळापासून मानेपर्यंत कातडी गरम झाली, फोडांत पू धरला आणि ताप चढला. घरात फराळाचे डबे भरलेले होते आणि कोणी ते उघडत नव्हतं. ओसरीवरचा पानांचा आवाजही बंद झाला होता. बाबांनी मळ्यातल्या माणसाला काय ते सांगितलं, माझ्या अंगाभोवती घोंगडी गुंडाळली आणि अकोटवरून अकोल्याला जाणारी पहिली बस धरली. माय न विचारता बसमध्ये चढली.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि विचारलं, "काय लावलं होतं?"

मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "शिकेकाई. म्या लावली."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मायला बरं वाटलं असतं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "जखमेवर तीही झोंबते. चांगल्या कातडीला चालते, उघड्या कातडीला नाही." मग त्यांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की इतक्या दाट केसांतून औषध आत पोचणार नाही, केस अगदी बारीक कापावे लागतील.

"दुसरा काही इलाज नाई काय बाई?" मायने विचारलं. "पोरीची जात हाये. लोकं काय म्हनतीन?"

"आहे. पण फार दिवस लागतील आणि तोवर तिचे हाल होतील."

बाबा माझ्याकडे बघत होते. "तू सांग," ते म्हणाले. आमच्या घरात मला काही विचारण्याची, आणि मग माझ्या उत्तरासाठी थांबण्याची, ती पहिलीच वेळ असावी. माझ्या डोक्यात इतका ठणका होता की लोक, कॉलेज, निर्मला, काहीच आठवत नव्हतं. मी म्हणाले, "कापा."

मावशीच्या गच्चीवर, सकाळच्या उन्हात, बाबांनीच माझे केस कापले. न्हाव्याला बोलवायला माय तयार नव्हती आणि स्वतः कात्री धरायलाही. बाबांनी मावशीकडची कापडाची मोठी कात्री घेतली. मळ्यातल्या माणसाचे हात जाड असतात असं लोकांना वाटतं, पण पान खुडणाऱ्याचे हात जाड असून चालत नाहीत. पानाला नख लागलं की पान काळं पडतं. त्याच हातांनी ते एकेक बट उचलत होते, फोडाला धक्का न लावता कापत होते आणि खाली ठेवत होते. मधूनच विचारत होते, "दुखलं काय?" माय माझ्यासमोर पाय दुमडून बसली होती आणि पडलेले केस पदरात गोळा करत होती. ती रडली नाही. एकदाच तिने हात पुढे करून माझ्या कपाळावरून फिरवला आणि तो लगेच मागे घेतला, जणू तिथे हात लावायचा हक्क आपला राहिला नाही.

जखमा भरत आल्या, पण मी कॉलेजात जायला तयार नव्हते. मला अंजनगावला परत जायचं होतं, मळ्यात बसायचं होतं, जिथे पानांखाली कोणाला कोणाचं डोकं दिसत नाही. मावशी समजावून थकली. बाबा पुढच्या आठवड्यात पानांच्या टोपल्या घेऊन अकोल्याच्या बाजारात आले होते, ते भेटायला आले. त्यांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "घरी यायचं असंन तं चाल. ट्रंक मी उचलतो. पन एक सांग, पेपर काय केसाईनं लिहितेत?" मी हसले. हसू आल्याचा मला राग आला, आणि मग ट्रंक राहिली तिथेच.

रुमाल बांधूनच गेले. काही दिवस सगळं निभावलं. मग रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला आमचे सर दारातून आत आले, त्यांनी टेबलांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "दिव्यापाशी सैल कपडा नको. ओढण्या मागे बांधा. तो रुमाल काढा." त्यांना काही माहीत नव्हतं. नियम सर्वांना होता. स्पिरिटचा दिवा पेटलेला होता आणि रुमालाची टोकं खरंच लोंबत होती. मी टोकं आत खोचली असती तर चाललं असतं, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. मी रुमाल सोडला आणि घडी करून दप्तरात ठेवला. बोटाच्या पेराएवढे केस, मधे मधे मलमाचे पांढरे डाग. माझ्यासोबत प्रयोगाला वर्गातली तीच मुलगी होती, बर्फ पडून राहिलं म्हणणारी. तिने माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि मग परीक्षानळीचा चिमटा पुढे करत म्हणाली, "धर. मले गरम लागते." मी धरला. रंग निळा यायचा होता, तो आला. घंटा झाल्यावर मला जाणवलं की बऱ्याच दिवसांनी माझ्या डोक्याला वारा लागतो आहे.

परीक्षा देऊन उन्हाळ्यात घरी आले तेव्हा केस कानांपर्यंत आले होते. आता नुसत्या पाण्याने भागत नव्हतं. उन्हाचा घाम, मळ्यातला दमटपणा, केस चिकट व्हायचे. माय पाणी तापवून द्यायची आणि न्हाणीबाहेर उभी राहायची. आत यायची नाही. शिकेकाईचं नावही तिने माझ्यासमोर पुन्हा काढलं नव्हतं. भाऊ नाहायचे तेव्हा गंज चुलीवर चढायचा, पण मी घरात असले की ती वर झाकण ठेवायची. आम्ही दोघी एकमेकींशी अगदी चांगलं बोलत होतो, आणि तेच वाईट होतं. घरात एकमेकांशी इतकं जपून कोणी बोलत नसतं.

त्याच दिवसांत आमची गाय व्याली. व्यालेल्या गाईला आमच्याकडे जवस शिजवून घालतात. माय रोज संध्याकाळी मूठ-मूठ जवस उकळायची, तो घट्ट, बुळबुळीत होईपर्यंत, आणि गूळ घालून हाताने कालवायची. एकदा मी गोठ्याच्या दारात बसले होते तर ती हात धुता धुता थांबली. तिने एक तळहात दुसऱ्यावर घासला, उलटा केला, परत घासला. मायच्या हातांना बारा महिने भेगा असायच्या.

"इंदे, इकडं ये," ती म्हणाली. "हात लावून पाह्य."

मी लावला. तळहात लहान मुलाच्या गालासारखा लागत होता.

"थ्या डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं होतं? कानामागं लावून पाहाले?"

"हो. आणि एका वेळी एकच वस्तू."

"मंग उद्या गूळ न घालता काढून ठेवतो. गाईचं मंग देईन."

दुसऱ्या दिवशी तिने जवस वेगळा शिजवला, त्याच लुगड्याच्या कापडातून पिळला आणि वाटीत अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट रस काढला. माझ्या कानामागे बोटभर लावला आणि दिवसभर जो भेटेल त्याच्यासमोर मला उलटं वळवून बघत राहिली. काही झालं नाही. आग नाही, खाज नाही. मग डोक्याला लावून पाहिला. केस मऊ झाले, पण घाम-तेल निघेना. माय विचार करत बसली. पुढच्या खेपेला तिने बेसन सुचवलं. ते कानामागे लावलं तर थोडं ताणलं, म्हणून सोडलं. जास्वंदीची पानं वाटून पाहिली. ती मानवली, पण फार हिरवट वास यायचा आणि पानांचे तुकडे दुपारपर्यंत निघत राहायचे. मग मुगाच्या डाळीचं पीठ, जात्यावर अगदी बारीक दळून, वस्त्रगाळ करून, जवसाच्या पाण्यात कालवलं. कानामागे काही झालं नाही. डोक्याला लावलं, थोडा वेळ ठेवलं, कोमट पाण्याने धुतलं. केस सुटे झाले. फेस नाही, वास नाही, काही नाही. उन्हात बसले तर नुसते केसांसारखे केस.

इथे एक सांगून ठेवते, कारण आता अमरावतीत माझ्याकडे शेजारच्या मुली विचारायला येतात आणि मी वैद्य नाही. जवसाने माझ्या जखमा भरल्या नाहीत. त्या डॉक्टरीणबाईंच्या औषधाने भरल्या. जवसाचं काम एवढंच की तो माझ्या डोक्याशी भांडला नाही. माझी नात दुकानातून बाटल्या आणते, मागचं बारीक अक्षर वाचते, हे नाही ना, ते नाही ना बघते. त्यातलीही एखादी तिला छान मानवते. मी तिला फक्त कानामागे लावून बघ म्हणते.

तर केस वाळवत मी उन्हात बसले होते. वाटीत बरंच पीठ-पाणी उरलं होतं. मी मायला म्हणाले, "उरलंय ते तू लावून घे ना." ती नको म्हणाली, भाकरी व्हायच्या होत्या, मग काय वाटलं कोण जाणे, पदर काढून न्हाणीत जाऊन बसली. माझ्या जन्मात मी मायचं डोकं धुतलं नव्हतं. तिचा अंबाडा सुटल्यावर हातात आला तो एवढासा होता. मी केस बाजूला केले आणि माझे हात थांबले. तिच्या टाळूवर, कानांमागे, मानेवर लाल चट्टे होते, त्यांवर जाड खपल्या. ते या वर्षीचे नव्हते. कातडी तिथे जुन्या चामड्यासारखी झाली होती.

मी मिश्रण हलक्या हाताने लावलं, पाणी ओतलं, पंचा दिला. माय पंचा हातात धरून तशीच बसून राहिली. मला वाटलं, डोळ्यांत गेलं.

"काय झालं वं?"

"काई नाई," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आग नाई होऊन राहिली."

"आधी होते?"

"होते ना. नाहलं का दिवस मावळेपर्यंत जळते." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं असावं अशी, म्हणाली, "सगळ्याईचंच जळते ना?"

त्या न्हाणीत, ओल्या फरशीवर मी तिच्याशेजारी बसले. थोडी कळ काढ, असं ती मला म्हणाली होती ते कठोरपणाने नव्हतं. तिला वाटत होतं की डोकं धुणं म्हणजे हेच असतं. ती आठवड्यामागून आठवडा कळ काढत आली होती आणि मी तिची लेक, मीही काढेन, असा तिचा हिशेब होता. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "नाई माय. सगळ्यांचं नाई जळत."

पुढच्या बाजारच्या वारी मी तिला घेऊन अकोल्याला गेले. तिने खूप कारणं काढली. गाय, भाकरी, भाऊ, ऊन. बाबा म्हणाले, "भाकरी मी टाकतो," आणि ते ऐकून ती इतकी घाबरली की पटकन तयार झाली. दवाखान्यात ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला आणि तिचे केस दोन बोटांनी बाजूला केले तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले. बाईंनी बराच वेळ पाहिलं. हा जुना आजार आहे, पूर्ण जाईल असं सांगता येत नाही, पण औषधाने आटोक्यात राहील, असं त्यांनी सांगितलं.

"कधीपासून आहे हे?"

"लग्नाच्या आधीपासून."

बाईंनी चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. काही विचारलं, ते मला बाहेर औषधाची चिठ्ठी घ्यायला जाताना अर्धवट ऐकू आलं. माय काय बोलली ते ऐकू आलं नाही. परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. अकोट येईपर्यंत ती कपाशीच्या मोकळ्या शेतांकडे बघत होती आणि अकोटनंतर, भर दुपारच्या गरम वाऱ्यात, माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली.

घरी पोचलो तेव्हा बाबा ओसरीवर पानं लावत होते. तव्यावर खरंच त्यांनी केलेल्या दोन भाकरी होत्या, एक करपलेली आणि एक नकाशासारखी. मायने त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि ताटात वाढून घेतल्या.

"काय म्हने डॉक्टरीणबाई?" बाबांनी विचारलं.

"म्हने, इतके वर्सं काहून नाई आल्या."

"मंग? तू काय सांगतलं?"

मायने करपलेल्या भाकरीचा तुकडा मोडला.

"सांगतलं, आधी पोरीचा नंबर होता."